विचारू नये ते विचारणारा शास्त्रज्ञ

वाचकहो, आपल्या घरात तान्हे मूल असेल, तर बाळगुटीची सहाण आणि तिच्यावर उगाळायच्या वस्तूंची छोटी डबी आपल्या चांगल्या परिचयाची असेल. हळकुंड, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग यांच्या संगतीत त्या डबीत एक टणक, गोटीएवढी, खडबडीत वस्तू असते. तिला आपण मायफळ म्हणतो. नावावरून ते एखाद्या झाडाचे फळ असावे असे कोणालाही वाटेल. परंतु मायफळ हे फळ नव्हे. मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्याच गणातील एक चिमुकला कीटक ओक जातीच्या वृक्षाच्या कोवळ्या डहाळीत अंडे घालतो. त्यामुळे त्या जागी झाडाला गाठ येते, अंड्यातून निघालेली अळी त्या गाठीत वाढते, आणि ती गाठ वाळली म्हणजे तिलाच बाजारात मायफळ हे नाव मिळते. पिढ्यान् पिढ्या आपण ती वस्तू उगाळीत आलो. पण ती खरोखर काय आहे, हे पाहण्याची गरज आपल्याला क्वचितच वाटली.

अशा गाठी आणि त्या निर्माण करणारे कीटक गोळा करण्यात एका अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या तारुण्यातील जवळजवळ वीस वर्षे घालविली. डोंगर, दऱ्या आणि अरण्ये पालथी घालून त्याने जमविलेला संग्रह आज न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे, आणि त्यातील नमुन्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक आहे. या प्राध्यापकाचे नाव आल्फ्रेड किन्सी. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने हीच चिकाटी दुसऱ्या एका विषयाकडे वळविली. त्या विषयाबद्दलही माणसे पिढ्यान् पिढ्या बोलत आली होती, उपदेश करीत आली होती, शिक्षाही करीत आली होती. परंतु तो प्रत्यक्ष कसा आहे हे कोणी मोजून पाहिले नव्हते. तो विषय म्हणजे मनुष्याचे कामजीवन. या शोधाने किन्सीला जगभर कीर्ती दिली, आणि त्याचे मोलही त्याच्याकडून पुरेपूर वसूल केले. त्याची ही हकीकत आहे.

कडक शिस्तीतील बालपण

२३ जून १८९४ रोजी न्यूयॉर्कसमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर वसलेल्या होबोकन गावी आल्फ्रेडचा जन्म झाला. वडील एका तंत्रशिक्षण संस्थेत शिकवीत. घरातील धार्मिक शिस्त अतिशय कडक होती. रविवार हा केवळ प्रार्थनेचा दिवस. मुलगा प्रकृतीने नाजूक होता. मुडदूस, संधिवाती ज्वर आणि विषमज्वर अशा दुखण्यांतून तो वाढला, आणि हृदय दुर्बळ असल्याची धास्ती त्याच्या मागे लहानपणापासूनच लागली. तरीही रानावनांत भटकण्याचा आणि पक्षी, वनस्पती न्याहाळण्याचा छंद त्याने सोडला नाही.

तरुणपणीचा त्याचा एक प्रसंग चरित्रात सांगितला जातो. महाविद्यालयात असताना एका सहाध्यायाने त्याच्याजवळ हस्तमैथुनाच्या सवयीची कबुली दिली आणि सुटकेचा उपाय विचारला. विज्ञानाचा विद्यार्थी असलेल्या किन्सीजवळ त्याला सांगण्यासारखे काही नव्हते. त्या मित्रासह त्याने गुडघे टेकले आणि दोघांनी देवाची करुणा भाकली. आपल्याकडेही किती तरुण अशाच भीतीने आजवर खंगले आहेत, हे आपण जाणता. शक्तिपाताच्या कल्पनेवर पोसलेल्या औषधांच्या जाहिराती आपल्या गावोगावच्या भिंतींवरून अजूनही पुसल्या गेलेल्या नाहीत.

वडिलांची इच्छा मुलाने अभियंता व्हावे अशी होती. ती मोडून आल्फ्रेड बोडन महाविद्यालयात गेला आणि तेथून १९१६ साली पदवीधर झाला. पुढे हार्वर्डमध्ये कीटकशास्त्राचा अभ्यास करून त्याने १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळविली, आणि १९२० साली इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टन या लहानशा गावी, तो प्राणिशास्त्राचा अध्यापक झाला. १९२१ मध्ये क्लारा मॅकमिलन या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीशी त्याचा विवाह झाला. दोघेही सुशिक्षित, दोघेही शास्त्राचे अभ्यासक. तरीही लग्नानंतरचे पहिले काही महिने केवळ अज्ञानामुळे दोघांनाही कष्टाचे गेले. वैद्यकीय सल्ल्याने ती अडचण दूर झाली, आणि पुढे या दांपत्याला चार अपत्ये झाली. त्यांतील थोरला मुलगा लहान वयातच मधुमेहाने दगावला. या घरानेही आपले दुःख सोसले होते.

विवाहाचा वर्ग

१९३८ सालच्या उन्हाळ्यात विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या मागणीवरून विवाहविषयक व्याख्यानांचा एक वर्ग सुरू झाला, आणि त्याची सूत्रे किन्सीकडे आली. शेवटच्या वर्षाचे, विवाहित किंवा वाङ्निश्चय झालेले विद्यार्थी त्यास बसत. व्याख्यानानंतर ते प्रश्न विचारू लागले. आपल्याला जे वाटते ते स्वाभाविक की विकृत? अमुक गोष्टीचा पुढे संसारावर परिणाम होतो काय? इतर माणसे कशी वागतात? उत्तरासाठी किन्सीने ग्रंथालय धुंडाळले. त्याला पुष्कळ नीतिपर ग्रंथ मिळाले आणि रुग्णांची काही टिपणेही मिळाली. परंतु सामान्य स्त्रीपुरुषांच्या जीवनाची पुरेशी, मोजलेली माहिती त्याला कोठेच आढळली नाही. एखाद्या कीटकाची जात ठरविण्यापूर्वी हजारो नमुने तपासणाऱ्या त्या माणसाला, अशा तुटपुंज्या आधारावर माणसांना उपदेश करणे हे शास्त्राला न शोभणारे वाटले.

मग त्याने विद्यार्थ्यांनाच त्यांचा खाजगी इतिहास विचारण्यास प्रारंभ केला. प्रथम वर्गातील विद्यार्थी, नंतर त्यांचे मित्र, मग इतर शहरांतील लोक असा हा क्रम वाढत गेला. गावात कुजबूज सुरू झाली. धर्मोपदेशकांनी आणि काही सहकाऱ्यांनी तक्रारी केल्या. १९४० मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स यांनी त्याच्यापुढे पर्याय ठेवला: विवाहाचा वर्ग चालवा, किंवा मुलाखती घ्या, दोन्ही एकत्र चालणार नाहीत. लोकप्रिय वर्ग सोडून किन्सीने मुलाखती निवडल्या. मात्र वेल्स यांच्याविषयी एक गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. पुढे वादळ उठले तेव्हा या अध्यक्षांनी आपल्या प्राध्यापकाला कधीही वाऱ्यावर सोडले नाही. संशोधकाला स्वातंत्र्य नसेल तर विद्यापीठाला अर्थ नाही, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत राखली.

माणसे खरे कसे बोलली

अनोळखी माणसाजवळ कोण आपले अंतःकरण उघडील, अशी शंका आपल्या मनात आली असेल. किन्सीची पद्धत येथे लक्षात घेण्याजोगी आहे. मुलाखत एकांतात, दीड ते दोन तास चाले. प्रश्नांची छापील यादी समोर नसे. शेकडो प्रश्न विचारणाऱ्याला मुखोद्गत असत. आरंभ वय, शिक्षण, प्रकृती, आईबाप अशा साध्या माहितीने होई, आणि समोरच्याचा संकोच ओसरला की मगच संभाषण नाजूक विषयाकडे वळे. ‘आपण असे कधी केले आहे काय?’ असे तो विचारीत नसे, कारण या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर सोपे असते. ‘हे प्रथम कोणत्या वयात घडले?’ असे तो विचारी. त्यामुळे ज्याच्या बाबतीत काही घडले असेल, त्याला ते सांगण्याची लाज कमी वाटे. आणि ज्याच्या बाबतीत घडले नसेल, तो तसे सांगून मोकळा होई. उत्तर ऐकून प्रश्नकर्त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटता कामा नये, तिरस्कार उमटता कामा नये आणि कुतूहलही उमटता कामा नये, असा दंडक होता.

उत्तरे एकाच कागदावर आखलेल्या चौकटींमध्ये सांकेतिक खुणांनी टिपली जात. त्या खुणांचा अर्थ किन्सी आणि त्याचे मोजके सहकारी यांनाच ठाऊक असे, आणि तो त्यांनी स्मरणात ठेवलेला असे. एखाद्याचा कागद दुसऱ्याच्या हाती पडला असता, तरी त्याला त्यातून काहीही वाचता आले नसते. प्राध्यापक, शेतकरी, गिरणीकामगार, गृहिणी, वेश्या, तुरुंगातील कैदी अशा सर्व थरांतील लोक त्याच्यापुढे बसले. वॉर्डेल पॉमेरॉय, क्लाइड मार्टिन आणि पॉल गेबहार्ड हे त्याचे प्रमुख साहाय्यक होते. सर्वांनी मिळून सुमारे अठरा हजार इतिहास नोंदविले. त्यांपैकी सुमारे आठ हजार एकट्या किन्सीने घेतले. त्याचे उद्दिष्ट एक लाखाचे होते.

१९४१ पासून राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या एका समितीमार्फत रॉकफेलर प्रतिष्ठानचे साहाय्य त्याला मिळू लागले. १९४७ मध्ये विद्यापीठाच्या आश्रयाने स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेमागील एक प्रमुख हेतू हा होता, की हजारो माणसांनी विश्वासाने दिलेल्या नोंदी कायद्याने संस्थेच्या ताब्यात सुरक्षित राहाव्यात.

दोन ग्रंथ

१९४८ च्या जानेवारीत पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आठशेहून अधिक पानांचा, तक्त्यांनी आणि आलेखांनी भरलेला हा रूक्ष ग्रंथ वैद्यकीय पुस्तके छापणाऱ्या प्रकाशकाने काढला होता. पाहता पाहता त्याच्या लाखो प्रती खपल्या. सुमारे ५,३०० गोऱ्या पुरुषांच्या माहितीवर तो आधारलेला होता. त्यातून असे दिसले की, समाज ज्याला नियम म्हणत होता आणि माणसे ज्या प्रकारे जगत होती, त्यांत मोठे अंतर होते. ज्या सवयीमुळे शरीराचा नाश होतो असे मुलांना शिकविले जाई, ती दहांपैकी नऊ पुरुषांनी सांगितली होती आणि ते धडधाकट होते. समलिंगी अनुभव हा थोड्या विकृत माणसांपुरताच असतो, ही समजूतही या आकड्यांपुढे टिकली नाही. माणसांचे दोन साफ वेगळे गट पाडता येत नाहीत, असे सांगून किन्सीने शून्य ते सहा अशी मोजपट्टी सुचविली. मायफळाच्या किड्यांनी त्याला हेच शिकविले होते: निसर्गात एकासारखा दुसरा नसतो, आणि आपण आखलेल्या चौकटी निसर्ग पाळीत नाही.

दुसरा ग्रंथ १४ सप्टेंबर १९५३ रोजी निघाला. त्यात ५,९४० गोऱ्या स्त्रियांची माहिती होती. स्त्रीलाही इच्छा असते, तिलाही सुखदुःख कळते, आणि वैवाहिक जीवनात तिच्या समाधानाची उपेक्षा अनेकदा केवळ अज्ञानामुळे होते, ही गोष्ट त्यातील आकड्यांवरून दिसत होती. १९०० नंतर जन्मलेल्या स्त्रियांचे जीवन त्यांच्या आयांपेक्षा बदलले होते. विवाहपूर्व आणि विवाहबाह्य संबंधांचे आकडेही त्यात होते, आणि येथेच ठिणगी पडली.

पुरुषांविषयी जे लोकांनी काहीशा कौतुकाने वाचले, तेच स्त्रियांविषयी वाचताना त्यांचा संताप अनावर झाला. या माणसाने आपल्या आयाबहिणींचा अपमान केला, अशी हाकाटी झाली. धर्मपीठांवरून निषेध झाले. पुस्तकाची टपालाने होणारी ने-आण बंद करावी, अशी मागणी अमेरिकन काँग्रेसच्या एका सभासदाने केली. शीतयुद्धाचा तो काळ होता. अशी पुस्तके राष्ट्राचे नीतिधैर्य खचवून साम्यवाद्यांचे काम सोपे करतात, असेही आरोप झाले. १९५४ मध्ये करमुक्त प्रतिष्ठानांची चौकशी करणाऱ्या काँग्रेसच्या एका समितीचा रोख किन्सीच्या साहाय्यकर्त्यांकडे वळला, आणि त्याच वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानने आपले साहाय्य थांबविले.

चुकते केलेले मोल

आता किन्सीच्या वाट्याला काय आले ते पाहू. पुस्तकांचे उत्पन्न तो स्वतः घेत नसे. ते संस्थेच्या कामी लागे. साहाय्य थांबताच ते उत्पन्न अपुरे पडू लागले. साठीला टेकलेला हा संशोधक श्रीमंतांच्या भेटी घेऊन पैसा मागू लागला. ती कला त्याला अवगत नव्हती. रिकाम्या हातांनी परतण्याचे प्रसंग पुन्हा पुन्हा आले. दुसरीकडे परदेशांतून संस्थेसाठी मागविलेली चित्रे आणि पुस्तके जकात अधिकाऱ्यांनी अश्लील ठरवून अडविली होती, आणि तो खटला वर्षानुवर्षे रेंगाळला होता.

शरीरानेही हार खाल्ली. रात्रीची झोप नाहीशी झाली, औषधांवाचून ती येईना. लहानपणी ज्या हृदयाची भीती होती, ते आता खरोखरच थकले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. परंतु आपल्या बागेत आयरिसच्या शेकडो जाती जोपासणारा, रविवारी घरी मित्रांना उत्तम संगीत ऐकविणारा हा मनुष्य विश्रांती घ्यायला कधीच शिकला नव्हता. त्याच्या पत्नीने एकटीने घर सांभाळले. नवरा महिनोन् महिने प्रवासात, त्याच्या नावाने गावात कुजबूज, आणि दारी कामासाठी येणाऱ्या पाहुण्यांची रीघ. त्या माउलीचे नाव कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आले नाही. परंतु हिशेबात तिचा वाटा धरलाच पाहिजे.

मे १९५६ मध्ये शिकागोला किन्सीने शेवटच्या मुलाखती घेतल्या. २५ ऑगस्ट १९५६ रोजी हृदयविकार आणि न्यूमोनिया यांनी त्याचा अंत झाला. तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. एक लाखाच्या उद्दिष्टापैकी पाचवा हिस्साही पुरा झाला नव्हता. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, न्यायालयाने जकातीच्या खटल्यात संस्थेच्या बाजूने निकाल दिला. तो ऐकण्यास किन्सी उरला नव्हता.

डागही पाहिले पाहिजेत

वाचकहो, थोर माणसाची गोष्ट सांगताना त्याचे दोष झाकण्याचा मोह होतो. किन्सीच्या बाबतीत तो मोह आवरला पाहिजे, कारण झाकलेल्या गोष्टी उघड्या करणे हेच त्याचे व्रत होते. त्याची आकडेवारी सर्व समाजाचे यथार्थ चित्र नव्हती. स्वेच्छेने पुढे आलेली माणसे आणि कैदी यांचा तिच्यात भरणा अधिक होता. कृष्णवर्णीयांची माहिती ग्रंथांत समाविष्टच नव्हती. कॉक्रन, मॉस्टेलर आणि ट्यूकी या नामवंत संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात त्याच्या परिश्रमांची वाखाणणी केली. परंतु यदृच्छेने निवडलेल्या लहान नमुन्याचे मोल ढिगाहून अधिक असते, हेही दाखवून दिले. पुढे गेबहार्ड यांनी १९७९ मध्ये कैद्यांसारखे गट वगळून आकडे पुन्हा मांडले. मुख्य निष्कर्ष फारसे बदलत नाहीत, असे त्यांचे मत पडले.

याहून गंभीर डाग दुसरा आहे. पहिल्या ग्रंथातील लहान मुलांविषयीची काही माहिती मुलांवर अत्याचार करणाऱ्या माणसाच्या नोंदींतून घेतलेली होती. गुप्ततेच्या वचनाखातर किन्सीने त्या माणसाला कायद्याच्या हवाली केले नाही, आणि त्या नोंदी शास्त्राची सामग्री म्हणून वापरल्या. ज्ञानाच्या लोभाने येथे त्याची विवेकबुद्धी झाकोळली, असेच म्हणावे लागते. त्या मुलांचे मोल कोणत्याही तक्त्यात मांडलेले नाही. स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या खाजगी जीवनातही त्याने संशोधक आणि संशोधनविषय यांमधील मर्यादा राखल्या नाहीत, हे त्याच्या चरित्रकारांनी पुढे दाखविले. आज अशा संशोधनावर नीतिविषयक समित्यांची देखरेख असते. ती का असावी, याचे उत्तर या प्रकरणात मिळते.

बर्लिन आणि मुंबई

या वाटेवर किन्सी एकटा नव्हता. जर्मनीत डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ साली बर्लिन येथे कामविज्ञानाची संस्था काढली होती. १९३१ मध्ये जगप्रवासात ते आपल्या देशातही येऊन गेले. मे १९३३ मध्ये नाझी टोळक्यांनी ती संस्था लुटली आणि तिची पुस्तके भर चौकात जाळली. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशी होते. ते पुन्हा मायभूमीस परतू शकले नाहीत. १४ मे १९३५ रोजी, सदुसष्टाव्या वाढदिवशीच, फ्रान्समधील नीस येथे त्यांचे देहावसान झाले.

आणि आपल्या महाराष्ट्रात? महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे अध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडावे लागले. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तरीही निकाल विरुद्ध गेला आणि दंड भरावा लागला. पैसा नाही, प्रतिष्ठा नाही, टिंगल मात्र भरपूर; पण त्यांच्या पत्नी मालतीबाई खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, आणि मासिक अखेरपर्यंत, सव्वीस वर्षे, निघत राहिले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय कार्य म्हणून हाती घेतले. ज्यासाठी नोकरी गमावली, ते धोरण झालेले कर्व्यांनी पाहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते निवर्तले. किन्सीच्या स्त्रियांवरील ग्रंथाला त्या दिवशी बरोबर एक महिना झाला होता.

आपल्या दारापर्यंत

हे सारे दूरचे आहे असे आपणास वाटू नये. १९९२-९३ पासून आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होत आले आहे. एखादी सर्वेक्षक भगिनी दारी येते, घरातील स्त्रीशी एकांतात बोलते, आणि विवाहाचे वय, बाळंतपण, संततिनियमनाचे साधन, नवऱ्याची मारहाण असे प्रश्न हलक्या आवाजात विचारते. २००५-०६ च्या सर्वेक्षणापासून एड्सच्या संदर्भात पुरुषांनाही नाजूक प्रश्न विचारले गेले. नाव गुप्त राहील, उत्तराबद्दल कोणी दोष देणार नाही, हे तिचे आश्वासन म्हणजे किन्सीने ज्या विश्वासावर आपले काम उभे केले, तोच विश्वास आहे. या उत्तरांवर माता आणि बालके यांच्या आरोग्याच्या योजना उभ्या राहतात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. मनुष्यस्वभावाचे वैविध्य हा अपराध नव्हे, हा विचार तेथवर पोहोचविण्यात अशा संशोधकांचाही हातभार होता.

मात्र वाद संपलेला नाही. किन्सीच्या नावाने चालणाऱ्या ब्लूमिंग्टनच्या संस्थेला राज्याचा पैसा वापरण्यास २०२३ मध्ये इंडियानाच्या विधिमंडळाने मनाई केली. संशोधकाला जाऊन सहासष्ट वर्षे झाली होती. त्याच्या प्रश्नांची भीती मात्र तशीच होती.

आपण या संशोधकाच्या सर्व मतांशी सहमत व्हावे, असा आमचा आग्रह नाही. त्याने आकडे सांगितले; कसे वागावे, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने, आपल्या माणसांचा विचार करून ठरवावयाचे आहे. परंतु एवढे अवश्य करावे. आपला मुलगा किंवा मुलगी वयात येताना एखादा अवघड प्रश्न घेऊन आली, तर तिला गप्प करू नये, हसू नये, रागावू नये. शांतपणे ऐकावे, जे ठाऊक आहे ते खरे सांगावे, आणि जे ठाऊक नाही ते जाणत्या डॉक्टरांना मिळून विचारावे. होबोकनच्या त्या भित्र्या मुलाला असे कोणी भेटले नाही. आपल्या घरातील मुलाला भेटावे, ही आपल्याच हातची गोष्ट आहे.